१०८ ची रुग्णवाहिका येते, तरी रुग्णाचे हाल का थांबत नाहीत? गाड्या कमी की नेतृत्व कमी?

गाड्या वाढायला हव्यातच, पण खरी गाठ धोरणात आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांची म्हणून सुरू झाली. त्यात २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे व्हेंटिलेटरसारखी साधनं असलेल्या, बाकीच्या प्राथमिक उपचारांच्या. गाडीत डॉक्टर असतो, ही आपली जमेची बाजू. बऱ्याच राज्यांत तिथे तंत्रज्ञ असतो.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते रुग्णालयाच्या दाराशी. गाडी पोहोचते, पण अतिदक्षता विभागात खाट नाही, न्यूरोसर्जन नाही, म्हणून ‘पुढे न्या’. उपजिल्हा रुग्णालयातून जिल्ह्याला, तिथून शहराला. तेवढे तास त्या तालुक्याची गाडी अडकलेली. मागे आणखी एक अपघात झाला तर?

गाडी ठेकेदाराची, जिल्हा रुग्णालय आरोग्य विभागाचं, वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं, शहरातलं रुग्णालय महापालिकेचं. रुग्ण एकच, धनी चार! कुठे खाट रिकामी आहे हे नियंत्रण कक्षाला त्या क्षणी दिसलं पाहिजे आणि त्याचा शब्द या सगळ्यांवर बंधनकारक हवा. जिल्ह्यात त्यासाठी एकच अधिकारी जबाबदार धरा.

मोजमापही बदलावं लागेल. गाडी किती मिनिटांत आली एवढंच बघून चालत नाही. हृदयविकाराचा रुग्ण कॅथलॅबपर्यंत, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतला अडथळा जिथे काढतात त्या कक्षापर्यंत, किती वेळात गेला, हे मोजा आणि जिल्हावार जाहीर करा.

अपघात दिसला तर फोन करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, नाव सांगायची सक्तीही नाही.