मडगावच्या घरातला जुना कमोडोर ६४ (१९८०च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) एचडीएमआय टीव्हीला कसा जोडायचा?

आधी पॉवर सप्लाय मल्टिमीटरनं तपासा. ५ व्होल्टच्या लाइनवर ५.२५ च्या वर आलं तर तो मशीनला लावूच नका. जुने सप्लाय बिघडले की व्होल्टेज चढतं आणि रॅम जळते.

मागच्या ८ पिनी डिन (गोल) सॉकेटमधून एस-व्हिडिओ, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी नेणारा सिग्नल, घ्या: पिन १ ल्युमा (उजेड), ६ क्रोमा (रंग), २ ग्राउंड, ३ आवाज. क्रोमाच्या तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर रंग भडक येतात. हा सिग्नल एचडीएमआयमध्ये बदलायला मध्ये डबी लागते. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबी कमोडोरच्या २८८पी सिग्नलला (दर वेळी पूर्ण चित्र) इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं अर्धं-अर्धं चित्र) समजते, म्हणून अक्षरं थरथरतात. त्यापेक्षा रेट्रोटिंक २एक्स हा जुन्या मशीनसाठीच बनवलेला कन्व्हर्टर घेतलेला बरा. चित्र मधूनमधून जात असेल तर आपल्या पावसाळी दमटपणानं पिना हिरव्या पडल्यात का बघा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.