यवतेश्वराच्या चढावर सायकल दम का टाकते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी साताऱ्यात राहतो आणि यवतेश्वर घाट चढून वरच्या शाळेत शिकवायला जातो. दोन वर्षांपूर्वी साध्या सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॅटचं हब मोटरचं किट बसवून घेतलं. बाटलीच्या आकाराच्या बॅटरीत ३५०० एमएएचचे २० सेल आहेत. पहिलं वर्ष झकास गेलं. आता शेवटच्या वळणांवर मोटर बंद पडते, डिस्प्ले मात्र चालू राहतो. दोन मिनिटं थांबलं की परत सुरू. चार्जिंगच्या दोन दांड्या तेव्हाही शिल्लक असतात. दुकानदार म्हणतो, सगळे सेल काढून ‘हाय डिस्चार्ज’, २० अँपिअरवाले टाका. टाकू का?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, डिस्प्ले चालू राहतो हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अर्धं निदान तिथेच झालं. बीएमएसनं, म्हणजे बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटनं, वीज तोडली असती तर डिस्प्लेही विझला असता. तुमच्याकडे कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला वीज देणारी पेटी, मोटर थांबवतोय, कारण त्याला व्होल्टेज कमी दिसतंय. ३६ व्होल्टच्या किटचे कंट्रोलर साधारण ३०-३१ व्होल्टला हात वर करतात.

मग दोन दांड्या शिल्लक असताना व्होल्टेज इतकं खाली कसं जातं? गणित मांडूनच बघू. २० सेल म्हणजे १० सिरीजमध्ये आणि प्रत्येक ठिकाणी २ पॅरलल. चढावर कंट्रोलर १५ अँपिअर ओढतो असं धरा, म्हणजे एका सेलच्या वाट्याला साडेसात आले. ३५०० एमएएचच्या चांगल्या सेलला, उदाहरणार्थ सॅमसंग ३५ई, कंपनी सलग ८ अँपिअरची परवानगी देते. म्हणजे कागदावर तुमचा पॅक पास आहे, पण काठावर. दोन वर्षं रोज असं पिळल्यावर सेलचा आतला रोध वाढतो. तो ७० मिलिओहम धरला तर एका सेलमागे अर्धा व्होल्ट पडतो, १० सेलचे मिळून सव्वापाच. उभ्या सायकलला ३५ व्होल्ट दाखवणारी बॅटरी चढावर ३० वर येते आणि कंट्रोलर थांबतो. तुम्ही दोन मिनिटं थांबता, व्होल्टेज परत वर येतं, दांड्या जागच्या जागी. वीज आत आहे, पण ती मागाल तितक्या वेगानं बाहेर येत नाही. आणि तो सव्वापाच व्होल्टचा फरक हवेत जात नाही, त्याची उष्णता होते. २० सेलचा हिशोब केला तर जवळजवळ ८० वॅट. वर पोचल्यावर बाटलीला हात लावून बघा.

आता दुकानदाराचा सल्ला. तो खोटं बोलत नाही, अर्धवट बोलतोय. २० अँपिअरवाला सेल म्हणजे सॅमसंग २५आर किंवा एलजी एचजी२ या जातीचा. यांचा रोध कमी असतो. ड्रिल मशीनसारख्या अवजारांना एकदम जोर लागतो, तिथे हे सेल शोभतात. पण २५आर २५०० एमएएचचा आहे. बाटलीत तेच २० सेल घातले तर तुमची ७ अँपिअर-अवरची (३५०० एमएएचचे दोन पॅरलल) बॅटरी ५ ची होईल. घाट चढेल, पण परतीला पायडल मारत याल. (घाट उतरताना मोटर लागत नाही हे खरं, पण साताऱ्यात पोचल्यावर मंडईत जायचं असेलच ना.)

मी काय करीन? नवे ३५०० वाले ४० सेल घेईन आणि १० सिरीज, ४ पॅरलल असा पॅक बांधीन. तोच १५ अँपिअर चार जणांत वाटला की एकाच्या वाट्याला पावणेचार. नव्या सेलचा रोध ५० मिलिओहम धरला तर व्होल्टेज पडेल दोनच्या आत आणि उष्णता होईल सगळी मिळून २८ वॅट. हाच हिशोब २० ‘हाय डिस्चार्ज’ सेलचा, रोध ३० धरून केला, तर सव्वादोन व्होल्ट आणि ३४ वॅट येतात. म्हणजे ज्या सेलला दुकानदार कमजोर म्हणतोय, तेच चौघं मिळून कमी तापतात आणि वर बॅटरी १४ अँपिअर-अवरची होते. सेल पन्नास ग्रॅमच्या आतलाच असतो, म्हणजे २० सेलचं वजन किलोभर वाढेल. बाटलीत मात्र मावणार नाही. त्रिकोणी पिशवी फ्रेममध्ये बसवा किंवा मागच्या कॅरिअरवर पेटी करा. चार्जर ४२ व्होल्टचा तोच चालेल, फक्त २ अँपिअरचा असेल तर रात्रभर लावावा लागेल.

बाटलीच ठेवायची असा हट्ट असेल तरच हाय डिस्चार्ज घ्या. पॅक छोटा आणि मागणी मोठी, ही त्या सेलची खरी जागा. आणि काहीही करा, जुन्या २० सेलना नवे २० पॅरलल जोडू नका. असा ‘काटकसरी’ पॅक दर महिन्याला एक तरी माझ्या टेबलावर येतो.

एक गोष्ट विचारायला तुम्ही विसरलात, ती मीच सांगते : पट्टी. सेल कितीही भारी घ्या, त्यांना जोडणारी पट्टी शुद्ध निकेलची नसेल तर पैसे पाण्यात. बाजारात निकेलचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सर्रास ‘निकेल’ म्हणून विकली जाते. तिचा रोध शुद्ध निकेलच्या दुपटीच्या आसपास. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी असाच एक स्वस्त रोल घेतला होता. दिसायला चकचकीत, स्पॉट वेल्डिंगही सुरेख बसलं. दोन महिन्यांनी गिऱ्हाईक पॅक घेऊन आला, उघडला तर निगेटिव्हच्या मुख्य पट्टीखालचा इन्सुलेशनचा कागद चहात बुडवल्यासारखा तपकिरी झालेला. तेव्हापासून उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात नवा रोल आला की आधी एक तुकडा ग्राइंडरला लावते. पिवळ्या ठिणग्यांचं झाड उडालं तर लोखंड. निकेल जवळजवळ ठिणगी देत नाही. ग्राइंडर नसेल तर तुकडा खरवडून मिठाच्या पाण्यात ठेवा, सकाळी गंज दिसला की रोल परत करा.

प्रश्न : ऑनलाइन १८६५० सेल बघितले. त्यांवर ९९०० एमएएच, ३० अँपिअर लिहिलंय आणि किंमत तर नावाजलेल्या सेलच्या निम्मी. घ्यावेत का?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर उंच डब्यात आजवर कुठल्याही चांगल्या कंपनीला ४००० एमएएचच्या फारसं वर जाता आलेलं नाही. ९९०० कुठून येणार? लिहिणाऱ्याला शून्य महाग पडलं म्हणून ९९०००० लिहिलं नाही इतकंच.

घेतलेच असतील तर सोनाराकडे न्या. चेष्टा नाही, मी खरंच नेले होते. आमच्या शेजारच्या सोनारानं काट्यावर सेल ठेवला आणि मला विचारलं, “ताई, हॉलमार्क आहे का?” खरा सेल ४४ ते ४९ ग्रॅमच्या दरम्यान भरतो. माझा ३१ भरला. आत मालच नव्हता. दुसरी खूण, मल्टीमीटर. नव्या सेलची खेप आली की सगळे साधारण साडेतीन व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारे असतात. एक ३.२, एक ३.९, एक २.८ असे निघाले तर कुठल्या तरी जुन्या पॅकमधून काढून नवं कव्हर चढवलंय.

प्रश्न : नागपूरला डिलिव्हरीचं काम करतो. दुपारी जेवायला घरी आलो की स्कूटरची बॅटरी लगेच चार्जिंगला लावतो. मे महिन्यात फार गरम होते. हाय डिस्चार्ज सेलची बॅटरी घेतली तर फरक पडेल?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : चालवताना थोडा पडेल, चार्जिंगला नाही. डिस्चार्ज करताना बहुतेक सेल ६० अंशांपर्यंत चालतात, पण चार्जिंगची मर्यादा बहुतेकांना ४५ अंश असते. नागपूरची मेमधली हवाच तेवढी असते, त्यात तुमची बॅटरी नुकती पळून आलेली. आधी जेवा, डुलकी काढा, बॅटरी कूलर असलेल्या खोलीत पण फवाऱ्यापासून लांब ठेवा. तासाभरानं लावा. आणि दुपारी पूर्ण शंभर टक्के भरायचा आग्रह नको, ८० ला काढा.

तुम्हाला रोज दोनदा चार्ज करायचं असेल तर पुढची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. जड असते, जागा जास्त खाते, पण उन्हाला आणि रोजच्या चार्जिंगला जास्त वर्षं टिकते. स्कूटरवर वजनाचं दुखणं सायकलइतकं नसतं. मात्र चार्जर तिचाच घ्या. तिच्या सेलचं व्होल्टेज वेगळं, जुना चार्जर चालणार नाही.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून २६ सेल जमवलेत. प्रोजेक्टसाठी ४८ व्होल्टची ई-बाइक करायची आहे. चालतील?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : नाही रे. लॅपटॉप सेलकडून एखाद-दोन अँपिअर मागतो. तू १३ सिरीज, २ पॅरलल करून २० अँपिअरचा कंट्रोलर लावलास तर एकेका सेलकडून दहा मागशील. ते म्हातारे सेल आहेत, वर प्रत्येकाचा इतिहास वेगळा. त्यातला सगळ्यात थकलेला आधी कोसळेल आणि चढावर बीएमएस बंद होईल. बीएमएस स्वस्तातला असेल तर तोही होणार नाही, मग पुढचं लिहीत नाही.

सेल फेकू नकोस. एकेक पूर्ण चार्ज करून आठवडाभर ठेव आणि व्होल्टेज वहीत लिही. ज्यांचं ४.१ च्या खाली गेलं ते ई-कचऱ्यात. उरलेल्यांची क्षमता मोजून, सारख्या क्षमतेचे चार निवड, एकाच व्होल्टेजवर आण आणि पॅरलल जोडून प्रोटेक्शन बोर्डासकट एलईडीचा दिवा कर. परीक्षकांना तो तक्ता जास्त आवडेल बघ. सेलवर थेट सोल्डरिंग करू नकोस, उष्णता आत जाते. कॉलेजात स्पॉट वेल्डर नसेल तर होल्डर वापर. मी कामाला बसताना बांगड्या डब्यात काढून ठेवते, तू तुझं स्टीलचं घड्याळ काढून ठेव.