देव मुकादम नाही

"मावशी, प्रभूमध्ये सलाम. मी अंबड तालुक्यातली, आता जालन्यात असते. माझे आई-वडील ऊसतोडीला जायचे. सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं. एका रात्री परत चादर बदलायची वेळ आली आणि माझ्या तोंडून निघालं, 'सुटा ना एकदाच्या.' पहाटे त्या गेल्या. तेव्हापासून मी दर शुक्रवारी उपास करते, दशमांशाच्या, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाच्या वर अर्पण देते, चर्चच्या मंडळीत कुणी आजारी पडलं की सेवेला जाते. सभेत 'ज्यांना तारण हवं, पापातून सुटका हवी, त्यांनी पुढे या' म्हटलं की दर वेळी पुढे जाते. मागच्या महिन्यात मुलाच्या पॉलिटेक्निकच्या फीसाठी बचत गटातून कर्ज काढलं होतं, ते पैसेही प्रार्थनेच्या सभेत देऊन आले. मालक बोलत नाहीत. दीर म्हणतात, कर्मांवाचून विश्वास मेलेला आहे असं शास्त्रातच आहे. मला रात्रीची झोप नाही. अजून किती करू म्हणजे माझं तारण होईल?"

लेकी, तुलाही सलाम.

उत्तर आधी देते, कारण त्याच्यासाठी तू फार तळमळली आहेस. तारण व्हावं म्हणून तुला आणखी काहीही करायचं नाही. बायबलातल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ, आठवं आणि नववं वचन. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालेलं आहे, ते देवाचं दान आहे, कर्मांचं फळ नाही, असं प्रेषित पौल लिहितो. 'झालेलं आहे' असं लिहितो तो, 'पुढं बघू' असं नाही.

ऊसतोडीची उचल तुला मी काय सांगावी! हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घ्यायची, थंडीवाऱ्यात कोयता चालवायचा, आणि शेवटी मुकादम वही उघडून सांगणार की अजून बाकी निघते. ती बाकी पुढच्या सालावर. तू तुझ्या तारणाला उचल समजून बसली आहेस गं. शुक्रवारचा उपास, अर्पण, लोकांची सेवा, सगळं फेडीत चाललंय आणि बाकी काही संपत नाही. पण कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात चौदावं वचन बघ. आपल्याविरुद्धचा ऋणलेख ख्रिस्तानं खोडला आणि वधस्तंभाला खिळून टाकला. ती वहीच राहिलेली नाही. मग तू कुणाची बाकी फेडते आहेस?

त्या रात्रीच्या शब्दांविषयी. सासूबाई आजारानं गेल्या, तुझ्या बोलण्यानं नाही. बोलण्यानं माणसं मरत नसतात. तीन वर्षं रात्र-रात्र जागलेल्या बाईच्या तोंडून तो शब्द निघाला, हे मी समजू शकते. तरी 'त्यात काय पाप?' असं म्हणून मी तुझी समजूत घालणार नाही. तुझं मन त्याला पाप म्हणतंय ना, मग पापच धर. क्षमा पापाचीच होते, आणि ख्रिस्त मेला तो पाप्यांसाठीच. त्याच्या शेजारी खिळलेल्या चोराकडं उपासाला शुक्रवार उरला नव्हता, द्यायला दशमांश नव्हता. 'माझी आठवण करा' एवढंच तो म्हणाला आणि 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे ऐकून गेला. त्याला पुरली ती कृपा तुला अपुरी पडेल, हे कुठल्या शास्त्रात आहे?

दीरांचं म्हणणं. याकोबाच्या पत्रातलं ते वचन खरंच आहे, मी ते झाकणार नाही. पण याकोब उदाहरण देतो अब्राहामाचं, देवाच्या सांगण्यावरून मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवण्याचं. ती गोष्ट उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात येते. अब्राहामानं विश्वास ठेवला आणि त्यालाच देवानं नीतिमत्त्व मोजलं, हे मात्र 15 व्या अध्यायातच होऊन गेलं होतं, मधे किती वर्षं गेली. कर्मं आली ती विश्वास जिवंत होता म्हणून. लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय जकातदाराचंही तसंच. येशू त्याच्या घरी आधी आला, चौपट परतफेडीची भाषा नंतर झाली. तू हा क्रम उलटा केला आहेस, म्हणून दमली आहेस. मत्तयाच्या सातव्या अध्यायात जे लोक प्रभूपुढं आपल्या कामांची यादी वाचतात, 'तुझ्या नावानं आम्ही हे केलं, ते केलं' म्हणतात, त्यांनाच तो 'मी तुम्हाला कधी ओळखलं नाही' म्हणतो. हे वाचलं की माझ्याही पोटात कालवतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडात झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना कळायला पुढं आठ वर्षं लागली. रमाबाईंना! शास्त्रं मुखोद्गत असलेल्या बाईला. आणि तो मिळाल्यावर त्या स्वस्थ बसल्या का? केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळात उचलून आणलेल्या मुली, मराठी बायबल, हे सगळं त्यानंतरचं.

आता तू म्हणशील, 'मावशी, पण माझा विश्वास तरी पुरेसा आहे का?' बघ, हा प्रश्न येणारच, कारण विश्वासालाही आपण एक काम करून टाकतो आणि परत मोजायला बसतो. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी पोराचा बाप रडत म्हणाला, 'मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवा.' एवढ्याच विश्वासावर पोरगं बरं झालं. विश्वास केवढा हे बघत बसू नकोस, तो कुणावर आहे ते बघ. आणि एखाद्या रात्री मनाला काहीच जाणवलं नाही, तर त्या रात्रीपुरतं तारण गेलं असं होत नाही. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या शेवटी सांगतो की, सार्वकालिक जीवन आपल्याला मिळालं आहे हे विश्वास ठेवणाऱ्यांना कळावं, म्हणूनच मी हे लिहिलं. कळावं, लेकी. जन्मभर अंदाज करत राहावं असं नाही.

फीच्या पैशांचं मात्र स्पष्ट बोलते, राग धरू नकोस. आई-बापाला द्यायचं ते 'देवाला वाहिलं' म्हणून चुकवणाऱ्यांना येशूनं मार्काच्या सातव्या अध्यायात खडसावलं आहे. मुलाचा हक्क देवाच्या नावानं देऊन टाकणं त्याच वाटेनं जातं. देवानं तुझ्याकडं ते मागितले नव्हते. मालकांपाशी बस आणि सगळं सांग, त्या रात्रीचं वाक्यसुद्धा. त्यांची आई होती ती, त्यांनाही त्या रात्रीचं काही बोलायचं राहिलं असेल. पाळक साहेबांना भेट, ती रक्कम फीची होती हे न लाजता सांग आणि परत मिळेल का विचार. चांगला पाळक ऐकून घेईल. नाही मिळाली तर कॉलेजात हप्ते पाडून मागा.

झोप इतके दिवस नसेल तर डॉक्टरांना दाखव, हा विश्वासाचा कमीपणा नाही. शुक्रवारचे उपास सध्या बंद ठेव. पुढच्या सभेत 'पुढे या' म्हटलं की जागेवर बसून राहा. पाय उठतील, तरी बसून राहा आणि मनात म्हण, 'प्रभू, तू मला आधीच घेतलं आहेस.' आजाऱ्यांकडं जायचं असेल तर जरूर जा, तुझ्या हातात ती माया आहे. फक्त आधी घरात दोन घास खाऊन जा, आणि फीची शेवटची तारीख कधी आहे ते आजच मुलाला विचार.

तुझी,
मावशी