मुलाने खिशात कागद घेऊनच फिरायचं का?

प्रश्न : माझा मुलगा ॲरिझोनात फिनिक्सला असतो, एच-१बी व्हिसावर, सगळं कायदेशीर. परवा त्याचा मामा जेवता जेवता म्हणाला की तिकडं पोलीस रंग बघून अडवतात आणि कागद मागतात, तेव्हापासून मला घास गोड लागेना. पण खरं सांगू का, तो कायदा मला थोडा पटतोय पण. आपण अपार्टमेंटला वॉचमन ठेवतोच की, मग राज्यानं ठेवला तर चुकलं काय?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर : काकू, आधी जेवून घ्या. मामांनी सांगितलेलं अर्धं खरं हाय. तो कायदा २०१० चा, एसबी १०७० नावाचा, बेकायदा राहणाऱ्यांना हुडकायला ॲरिझोना राज्यानं केलेला, तिथल्या तेव्हाच्या गव्हर्नर जॅन ब्रुअर बाईंनी सही केलेला. २०१२ मध्ये त्यातली चार कलमं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढं आली आणि तीन उडाली. कागद जवळ नसला तर राज्याचा गुन्हा, परवान्याशिवाय काम मागितलं तर गुन्हा, वॉरंटशिवाय अटक, हे सगळं गेलं. राहिलं एकच, पोलिसानं दुसऱ्या कुठल्या कारणानं, म्हणजे सिग्नल तोडला वगैरे, रीतसर अडवलं आणि त्याला हा बेकायदा राहतोय असा वाजवी संशय आला तर तो स्टेटस, म्हणजे देशात राहायची परवानगी, तपासणार. आता संशय कशावरून येतो? घटना परवानगी देते त्यापलीकडं वर्ण बघायचा नाही असं कायद्यात लिहिलंय, पण रस्त्यावर काय होतं त्यावरच तर सगळं भांडण हाय. मुलाकडं ॲरिझोनाचं ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर तो कायदेशीर आहे असंच धरतात. आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट पण जवळ असू दे, परदेशी माणसानं नोंदणीचा कागद जवळ ठेवायचा हा केंद्राचा नियम जुनाच हाय.

आता वॉचमनचं. वॉचमन सोसायटीचा असतो ओ काकू, प्रत्येक फ्लॅटवाल्यानं आपापला वेगळा ठेवला तर दूधवाला तिसऱ्या मजल्यावर पोचायचा नाही. कोर्टाचं म्हणणं साधारण हेच, परदेशी माणसाचा विषय केंद्राचा. राज्यांची तक्रार अगदीच खोटी नाही म्हणा, सीमा सांभाळायची वॉशिंग्टननं आणि शाळा-तुरुंगाचा खर्च राज्याच्या गळ्यात, बेकायदा आलेल्या पोरांना शाळा तर सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या निकालापासनं नाकारता पण येत नाही. त्यामुळं टेक्सासनं २०२३ मध्ये परत तसलाच कायदा केला आणि तोही लगेच कोर्टात गेला.

पण अलाबामाचं ऐका. २०११ मध्ये त्यांनी ॲरिझोनापेक्षा कडक कायदा केला आणि मजूर रातोरात पळाले, टोमॅटो शेतात कुजले. आपल्याकडं तोडणीची टोळी आली नाही की उसाला तुरे येतात आणि शेतकरी साखर कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं फिरतोय, तसंच. वर आणि त्यांच्या पोलिसांनी पकडला कोण, तर मर्सिडीजचा जर्मन मॅनेजर, कामानिमित्त आलेला, लायसन्स जवळ नव्हतं म्हणून! ज्या राज्यात ती कंपनी यावी म्हणून पायघड्या घातल्या, तिथंच.

मला विचाराल तर ॲरिझोनाचाच आधीचा, २००७ चा कायदा जास्त सरळ. त्यात पकडायचा मालकाला, बेकायदा माणूस जाणूनबुजून कामावर ठेवला तर धंद्याचं लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा सापडला तर कायमचं रद्द. सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये तो टिकवला. पण मालकावर केस घालायची म्हटलं की सगळीकडं सरकारचा हात जरा जडच होतो, आपल्या इथलं काय वेगळं सांगायचं.

प्रश्न : महाराष्ट्र असा स्वतःचा कायदा करू शकतो का?
– इचलकरंजी

उत्तर : नाही. नागरिकत्व, परदेशी लोक, त्यांना आत घेणं आणि बाहेर काढणं हे सगळं आपल्या घटनेत केंद्रसूचीत आहे, नोंदी १७ आणि १९. परदेशी लोकांविषयीचा १९४६ चा जुना कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासनं नवा लागू झालाय, तोही संसदेचाच. आणि लूमवर बिहार-यूपीची पोरं आहेत म्हणून विचारत असाल तर ती भारतीयच आहेत, त्यांना हा कायदा लागूच होत नाही.