आठ अक्षरांचा कोड की अकरा?

प्रश्न : परदेशातील खात्यात पैसे पाठवण्यासाठी मला आठ अक्षरांचा स्विफ्ट कोड मिळाला आहे, परंतु बँकेच्या अर्जात अकरा रकाने आहेत. कोड अपुरा आहे का?

उत्तर : नाही, तो पूर्ण आहे. स्विफ्ट कोड किंवा बीआयसी या एकाच ओळखक्रमांकातील पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची आणि त्यानंतरची दोन ठिकाणाची असतात. शेवटची तीन शाखेसाठी असून ती ऐच्छिक आहेत. ती नसतील तेव्हा कोड मुख्य कार्यालयाचा मानला जातो, आणि अकरा रकाने भरणे सक्तीचे असल्यास शेवटी ‘एक्स’ हे अक्षर तीनदा लिहितात.

मात्र हा कोड केवळ बँकेपर्यंत पोहोचवतो, खात्यापर्यंत नाही. त्यामुळे खातेक्रमांक, आणि त्या देशात आयबॅन (आंतरराष्ट्रीय साच्यातील खातेक्रमांक) वापरात असल्यास तो, अचूक असणे अधिक महत्त्वाचे आहे. आयबॅनमध्ये दोन पडताळणी अंक असल्यामुळे लिहिण्यातील बहुतेक चुका तिथल्या तिथे उघड होतात. बीआयसीमध्ये अशी सोय नाही, म्हणून चुकलेला कोड दुसऱ्याच एखाद्या बँकेचा निघू शकतो. तो खातेदाराकडून लेखी घ्यावा आणि त्याच्या बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट, जी अनेकांना ठाऊक नसते : १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झालेली स्विफ्ट ही संस्था पैसे नव्हे, तर बँकांमधील संदेश वाहून नेते. प्रत्यक्ष रक्कम बँकांच्या परस्परांकडील खात्यांतून, कधी मध्यस्थ बँकेमार्फत, सरकते आणि ती बँक आपले शुल्क वाटेतच कापून घेऊ शकते. पूर्ण रक्कम पोहोचायला हवी असेल, तर सर्व शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याचा पर्याय अर्जात निवडावा.