काँटेसा ३२ की वेस्टसेल ३२ : नौकेवरच राहायचे असल्यास कोणती घ्यावी?

दोघांनी वर्षभर नौकेवरच राहून लांबचा सागरप्रवास करायचा असेल, तर या दोन शिडाच्या नौकांपैकी माझे मत वेस्टसेलच्या बाजूने आहे. दोन्ही ३२ फुटी असल्या तरी वेस्टसेलचे वजन सुमारे ९ टन आणि रुंदी ११ फूट आहे, तर काँटेसा जेमतेम सव्वाचार टनांची व साडेनऊ फूट रुंद आहे. पाणी, शिधा, अवजारे आणि कपडे भरल्यावर हा फरक रोज जाणवतो, कारण जड नौकेची चाल तेवढ्या ओझ्याने फारशी बदलत नाही, हलकी मात्र खाली बसते.

चालीचा विचार केल्यास, विशेषतः मंद वाऱ्यात आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तिरके जाताना, काँटेसा निःसंशय सरस आहे, पण तिचे काठ बुटके असल्यामुळे लाटांचे पाणी वारंवार अंगावर येते. तिच्या बळकटपणाविषयी मात्र शंका नको : १९७९ च्या फास्टनेट या सागरी नौकाशर्यतीतील भीषण वादळात सर्वांत लहान नौकांच्या वर्गातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव नौका काँटेसा ३२ च होती. केवळ सुट्टीपुरते शीड उभारायचे असते, तर मी तीच निवडली असती.