मूल प्रत्यारोपणानंतर घरी येते तेव्हा

यकृत प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या सुट्टीची तारीख ठरली, की बहुतेक पालक आनंदाआधी भीती बोलून दाखवतात : ‘इथे सिस्टर आहेत, मॉनिटर आहे; घरी आमच्या हातून काही चुकले तर?’ धनकवडीच्या एका कुटुंबानेही मला हेच विचारले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मूल चार वर्षांचे, यकृताचा भाग आईने दिलेला, आणि वडील चाकणच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणारे.

अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही. मी त्यांच्याकडून घरातला एक दिवस घड्याळाप्रमाणे वदवून घेतला. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमस हे औषध सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता, बरोबर १२ तासांच्या अंतराने द्यायचे, हे दोघांना पाठ होते. पण वडील दुसऱ्या पाळीला असताना आणि आईचे टाके ओढत असताना रात्रीचा डोस कोण देणार, या प्रश्नावर दोघेही गप्प झाले. देणार होती आजी, आणि आजीला कोणीच काही शिकवले नव्हते.

आजी वॉर्डात आल्या. सिस्टरांच्या देखत त्यांनी सिरिंजमध्ये औषध भरले, हवेचा बुडबुडा काढला, वहीत वेळ लिहिली. हे करता करता त्या सहज म्हणाल्या, ‘ताकद यावी म्हणून गुळवेलीचा काढा सुरू करणार आहे.’ याच औषधाने प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली असते, आणि गुळवेलीने यकृतालाच इजा झाल्याच्या नोंदी आहेत, हे समजल्यावर त्यांनी तो विचार तिथेच सोडला. घरात औषधपाणी पाहणारे माणूस सुट्टीच्या आधीच बोलावले पाहिजे, असा माझा आग्रह असतो तो यासाठीच.

बाकीचे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. रक्तातील औषधाची पातळी तपासायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतरच द्यायचा. डोसनंतर उलटी झाली किंवा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर स्वतः काही न ठरवता रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकांना फोन करायचा. पोलिओचे थेंब द्यायला कोणी दारी आले, तर प्रत्यारोपण झाल्याचे सांगून नकार द्यायचा. बाल्कनीतील कबुतरांची विष्ठा मूल येण्याआधी साफ करून जाळी लावायची.

आईची काळजी मात्र वेगळीच होती. पहिले काही आठवडे वजन उचलायचे नाही, मग मुलाने हात पसरले तर काय करायचे? आम्ही ठरवले, की तिने खाली बसायचे आणि वडिलांनी किंवा आजींनी त्याला अलगद तिच्या शेजारी आणून बसवायचे.